भुईगावच्या बनात दिलेली ओ

आधीच सांगून टाकतो. भुतंखेतं, बाहेरची बाधा, उतारे यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. रस्त्यात टाकलेलं लिंबू दिसलं की लोक वळसा घालून जातात, मी मुद्दाम लाथाडून पुढे जाणारा. नोकरीची सगळी वर्षं रंगाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला काढली. सॅम्पल स्वतः तपासल्याशिवाय कधी सही केली नाही. या सदरातले अनुभवसुद्धा मी तसेच वाचायचो — इथे वारा असणार, इथे मांजर असणार, आणि इथे गृहस्थांना जरा जास्त झालेली असणार! मी हे मोठ्यानं बोलून दाखवायचो आणि बायको म्हणायची, "अहो, घाबरू द्या ना लोकांना सुखानं. तुमचं काय जातंय?"

आता मीच लिहायला बसलोय. हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

आम्ही वसई पश्चिमेला राहतो. मी मूळचा कराडकडचा, बायको सुनीता राजापूरची. मुलगी बंगळुरूला. घरात आम्ही दोघंच. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाच्या टूर घेतात, आम्ही पक्षी बघायला लागलो. त्यासाठी लांब कुठे जायची गरजही नाही. स्कूटर काढायची, केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांमधल्या अरुंद गल्ल्यांतून भुईगाव गाठायचं. तिथे किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे. जंगल म्हणावं एवढं मोठं नाही, सावकाश चाललात तरी चहाची वेळ व्हायच्या आत या टोकावरून त्या टोकाला पोचाल. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाजण — म्हणजे भरतीला पाणी चढतं आणि ओहोटीला नुसता चिखल उरतो ती जागा, कडेनं तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं. पण या एवढ्याशा तुकड्यात काय नाही! सुरूच्या शेंड्यावर समुद्री गरुडाचं घरटं आहे, थंडीत हळद्या येतो, भारद्वाज तर घरचाच. एकदा तिवरांच्या कडेला कोल्हा दिसला होता. आमच्याकडे बघून काही विशेष नाही अशा थाटात निघून गेला.

आमच्यात कामाची वाटणी होती. मी दुर्बीण घेऊन बघायचो आणि ती ऐकायची. खरं सांगतो, कान तिचेच तयार. मी अजून फांद्या चाचपतोय तोवर ही म्हणणार, "धनेश. डावीकडे. दोन आहेत." आणि असायचेच दोन. मला भयंकर राग यायचा.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तिला झटका आला. मेंदूत डाव्या बाजूला गुठळी. वेळेवर पोचलो म्हणून जीव वाचला, हातपायही बऱ्यापैकी सुधारले. पण वाचा गेली. तिला सगळं कळायचं, बोलायचं असायचं, तोंड उघडायची... आणि शब्द यायचाच नाही. मग डोळे भरून यायचे. मी पाठमोरा होऊन भांडी घासत बसायचो. दिवसभर जिची बडबड ऐकून "जरा थांब गं बाई" म्हणायचो, तिच्या घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नाही. हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

स्पीच थेरपीच्या मॅडम तरुण आहेत, पण कामाच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, "काका, विचार करून बोलायचे शब्द उशिरा येतात. आपोआप तोंडातून जाणारे आधी येतात. आकडे, स्तोत्रं... आणि हाकेला दिलेली ओ. तुम्ही रोज हाक मारा, काकू ओ देतील याची वाट बघा. त्यांच्या वतीनं तुम्ही बोलू नका."

घरी हाक मारायला लागलो तर ती संकोचायची. बिल्डिंगच्या भिंती कसल्या असतात तुम्हाला ठाऊकच आहे. मी ओरडतोय "सुनीताऽ", शेजारणीची कढई थांबतेय, आणि ही मान खाली घालतेय. मग मला सुचलं — बन! तिथे कोण ऐकतंय? तिला चालायचा व्यायामही होईल.

तर रोज सकाळी आमचा असा कार्यक्रम. तिला सुरूच्या पडलेल्या बुंध्यावर बसवायचं, मी थोडा पुढे जायचो, झाडाआड उभा राहायचो आणि हाक मारायचो. मग थांबायचो. सुरूच्या झाडांत वाऱ्याचा एकसारखा आवाज असतो, तो ऐकत उभा राहायचो. ओ यायची नाही. डोकावून बघितलं तर ती हात वर करून दाखवायची — ऐकलंय, ऐकलंय. पुन्हा हाक. पुन्हा हात. महिन्यांमागून महिने हेच. एखाद्या दिवशी मी चिडायचोही. "अगं, नुसता ओठांचा चंबू करायचाय!" असं ओरडलोही एकदा.

तिथेच मार्था टीचरशी ओळख झाली. भुईगावच्याच. मराठी शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. चर्चमधली सकाळची प्रार्थना, मिस्सा, आटोपली की चपला हातात घेऊन किनाऱ्यावरून चालत येतात. घरच्या माणसांशी फोनवर त्यांच्या वाडीतल्या बोलीत बोलतात, त्यातलं मला निम्मंही कळत नाही. आमच्याशी मात्र शाळेतल्यासारखं, खडू हातात असल्यासारखं मराठी. त्यांनी आमचा कार्यक्रम दोन-तीन दिवस लांबून पाहिला आणि मग जवळ येऊन म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका. पण या बनात नाव घेऊन हाक मारू नये."

"का बरं?"

"आमच्यात नाही मारत. वाडीत, बनात, खाजणावर माणसाला बोलवायचं तर नुसता 'कूऽऽ' असा कुकारा घालायचा. नाव नाही घ्यायचं. आणि आपल्याला कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तो परत मारील."

"आणि माणूस नसेल तर?"

"त्याला एकदाच मारता येते."

मी हसलो. "टीचर, तुम्ही रोज चर्चमध्ये जाता आणि हे मानता?"

"चर्चमध्ये जाते म्हणून घाबरत नाही," त्या म्हणाल्या. "पण ओ पण देत नाही."

सुनीता हे ऐकत होती आणि मान हलवत होती. राजापूरकडेही हे आहेच, असं तिनं खुणांनी सांगितलं. मी म्हटलं, वा, इथे एक ओ यावी म्हणून माझा जीव चाललाय आणि तुम्ही दोघी मला ओ न द्यायचे नियम शिकवा! टीचरही हसल्या मग. तेव्हापासून रोज त्या सुनीताजवळ बसायच्या, तिचा हात हातात घेऊन. मला बरंच वाटायचं, कारण मी पुढे गेल्यावर ती एकटी नसायची.

आता तो दिवस.

थंडी संपत आली होती. सकाळची वेळ, ऊन चांगलं वर आलेलं, लख्ख उजेड. भरती होती. वारा जवळजवळ नव्हताच, हे मी मुद्दाम लिहितोय. सुनीता बुंध्यावर, शेजारी टीचर. मी नेहमीच्या झाडाआड जायला निघालो होतो, त्यांच्यापासून फार लांबही गेलो नव्हतो. हाक मारायला मी तोंड उघडलेलं नव्हतं. खरं तर मी बुटात गेलेली वाळू काढत एका पायावर उभा होतो.

आणि हाक आली.

"गो ठकेऽऽऽ..."

खाजणाच्या बाजूनं. लांबून. बाईचा आवाज, वयस्कर, कुणी जेवायला बोलवावं तसा. घाईचा नाही, रागाचा नाही. एकदाच.

आणि माझ्या पाठीमागून, स्वच्छ, मोकळ्या गळ्यानं —

"ओऽऽ!"

मी वळलो. सुनीता बुंध्यावरून उठून उभी राहिली होती. तोंड खाजणाकडे. चेहरा असा, की... मला नीट सांगता येत नाही. कुणीतरी बोलावलंय आणि आपण निघालोय, असा. टीचरनी तिचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "पहिल्या हाकेलाच दिली," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "पहिल्याच हाकेला दिली हो, भाऊ!"

मी एका पायात बूट, तसाच खाजणाकडे धावलो. सांगतो काय दिसलं. पाणी. तिवरांच्या कमरेपर्यंत चढलेलं, स्थिर. होडी नाही, माणूस नाही. जिकडून हाक आली तिकडे उभं राहायला जागाच नव्हती. कडेच्या सुक्या पट्ट्यावर टिटव्या बसलेल्या. पक्षी बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको — माणसाची सावली दिसली तरी टिटवी गाव डोक्यावर घेते. त्या शांत बसल्या होत्या. मी पोचलो तेव्हाच उडाल्या आणि ओरडायला लागल्या. म्हणजे माझ्याआधी तिथे कुणी आलेलं नव्हतं.

परत आलो तर सुनीता रडत होती. रडत होती आणि हसतही होती, आणि तोंड उघडून पुन्हा "ओ... ओ..." करायचा प्रयत्न करत होती. मी तिला जवळ घेतलं. टीचर बसल्या आहेत वगैरे काही बघितलं नाही.

स्कूटरपाशी आल्यावर टीचरनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, ही ठकी कोण?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?" आणि ते खरं होतं. आमच्या लग्नाला तीसहून जास्त वर्षं झाली, मी हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

"हिला काही दिवस आणू नका इकडे," त्या म्हणाल्या. "ओ दिली की न्यायला येतात, असं आमची आई म्हणायची. मी हिच्यासाठी मिस्सा सांगते. पण तुम्ही आणू नका." मग म्हणाल्या, "आणि म्हाताऱ्याचा आवाज किती स्पष्ट होता ना?"

"म्हाताऱ्याचा? अहो, बाईचा होता!"

"छे! पुरुषाचा. मला काय कळत नाही?"

आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

घरी येऊन मी सुनीताच्या थोरल्या भावाला, अण्णांना, राजापूरला फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, ठकी कोण हो?

अण्णा खो खो हसले. "अहो भाऊजी, तुम्हाला कुणी सांगितलं? आमची सुनीताच ती! लहानपणी घरात सगळे ठकीच म्हणायचे. आमचे वडील, आबा म्हणायचे, आई म्हणायची. हायस्कुलात पोरं चिडवायला लागली, तसं हिनं घर डोक्यावर घेतलं. ह्यापुढे मला ठकी म्हणेल त्याच्याशी बोलणार नाही! मग सुटलं ते. लग्नात तर आईला शपथ घातली होती, सासरी कळता कामा नये म्हणून." आणि मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "का हो? तिनं म्हटलं का? बोलली का ती?"

मी म्हटलं, हो, ओ दिली. ते फोनवर रडायला लागले. हाक कुणाची हे मी सांगितलं नाही. आई आणि आबा, दोघांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. काय सांगणार?

स्पीच थेरपीच्या मॅडमना मात्र सगळं सांगितलं. त्यांनी न हसता ऐकलं. म्हणाल्या, "काका, लहानपणचं नाव आणि त्याला दिलेली ओ, हे अगदी आत रुजलेलं असतं. बाकी सगळं पुसलं तरी ते राहू शकतं. ओ आली यात मला नवल नाही."

"आणि हाक?"

"ते मला विचारू नका," त्या म्हणाल्या.

आता माझी पंचाईत बघा. जन्मभर दुसऱ्यांच्या भीतीला हसलेला मी, मी घाबरलो. भूत दिसेल म्हणून नाही. मला सारखा तिचा तो चेहरा आठवायचा, निघायला उठलेला. टीचरनी दंड धरला नसता तर ती पाण्याकडे चालत गेली असती का? एकदा ती मरता मरता वाचलेली. मी तिला पुन्हा तिथे कशाला नेऊ? आणि सुनीता रोज सकाळी बूट घालून दारात बसायला लागली. हातानं खुणा — चला. मी थापा मारायला लागलो. स्कूटर बंद आहे. पाऊस येईलसं वाटतंय. फेब्रुवारीत पाऊस! तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला लाज वाटली.

घरात ओ यायची नाही. मी हाका मारून थकलो. उलट ती मिटत चालली. जेवण अर्ध्यावर टाकायची. संध्याकाळी गॅलरीत भुईगावच्या दिशेला तोंड करून बसायची. खुणासुद्धा कमी झाल्या. मला दिसत होतं, एक ओ हाती लागली होती आणि ती आता माझ्या भीतीपायी परत जाणार. तिकडे नेलं तर ती जाईल, नाही नेलं तर तिची वाचा. शेवटी एका सकाळी मी स्कूटरची किल्ली घेतली. म्हटलं, चल बाई. जे व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे.

टीचर आल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. मग सुनीताच्या शेजारी येऊन बसल्या. मी या खेपेला झाडाआड गेलो नाही. तिच्यासमोर खाली वाळूत बसलो, तिचे दोन्ही हात धरले आणि तोंडासमोरूनच हाक मारली.

"सुनीता."

काही नाही. शेंड्यावर गरुड पंख झटकत होता. ती खाजणाकडे बघत होती. मग सावकाश तिनं माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ओ."

मी लहान पोरासारखा रडलो. टीचर क्रूस हातात धरून काहीतरी पुटपुटत होत्या, त्यांचेही डोळे वाहत होते.

ती हाक पुन्हा कधीच आली नाही. तिकडे आम्ही आजही जातो. सुनीता मात्र तिथून पुढे सुधारत गेली. आधी "ओ", मग "नको" — नको हा शब्द तिला फार लवकर आला! — मग पक्ष्यांची नावं, आणि आता अडखळत, मध्ये थांबत, पण वाक्यं. डॉक्टर म्हणतात, अशी सुधारणा होते कधीकधी. होत असेल. मी नाही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात सलत राहिली. सांगायला लाज वाटते, पण लिहितोच. इतके महिने घसा फोडून हाका मी मारल्या. उन्हात, थंडीत, चिडून, गयावया करून. आणि तिची पहिली ओ गेली कुणाला? जिला किंवा ज्याला एक हाक मारायचे कष्ट पडले त्याला. जी कुणी असेल तिचे उपकारच आहेत, हे कळत होतं. तरी बोचायचं. माणूस किती कोत्या मनाचा असतो बघा.

परवा दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलावर वालाच्या शेंगा सोलत होतो. आता ती बोलते, तर विचारून टाकावं म्हटलं.

"सुनीता, त्या दिवशी बनात तुला कोणी हाक मारली गं? ठकी म्हणून?"

ती थांबली. वेड्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही," ती म्हणाली.

"मी नव्हतो. मी तोंडही उघडलं नव्हतं. आणि मला ते नावच ठाऊक नव्हतं."

"तुम्हीच." शब्द शोधत, एकेक मांडत ती म्हणाली, "तुमची हाक... रोज यायची. लांबून. फार लांबून. मी ओ द्यायची... पण तुमच्यापर्यंत... पोचत नव्हती." मग एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. "त्या दिवशी... जवळून आली. अगदी कानाशी. तुमचाच आवाज. मग दिली."

मला पाण्यापलीकडून बाई ऐकू आली. मार्था टीचरना म्हातारा. हिला मी, कानाशी. तीन माणसं, एक हाक, आणि तीन आवाज. मी पुष्कळ विचार केला. पाण्यावरून आवाज कसा जातो ते वाचलं, मेंदूबद्दल वाचलं, भुईगावात ठकी नावाचं कुणी आहे का तेही विचारून आलो. नाही. कुठेच काही बसत नाही. हे सॅम्पल मला पासही करता येत नाही आणि परतही पाठवता येत नाही.

मी हाक मारली नव्हती, हे मी इथे शपथेवर सांगतो. तिला मात्र ते पुन्हा सांगितलं नाही. ती म्हणते, पहिली ओ तिनं मला दिली होती.